गंधकाची खूण आणि तापाचे तास

चाकणहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून छापत नाही. त्यांचे शोहर महाळुंग्याच्या बाजूला एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतात. मुलगी पुण्यात एमएस्सी करते, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. आता तिला सहा महिन्यांसाठी एका प्रयोगशाळेत प्रकल्प मिळाला आहे. फ्लूचा विषाणू पेशीत कसा शिरतो यावर तिथे काम चालतं आणि त्यासाठी ‘रेडिओॲक्टिव्ह’ पदार्थ वापरतात. मुलीने हे घरी खुशीने सांगितलं आणि घर एकदम गप्प झालं. फुफी म्हणाल्या, उद्या पाहुणे बघायला आले आणि त्यांनी विचारलं तर काय सांगणार? अब्बांनी कारखान्यात पिवळ्या पाटीवरचं तीन पाकळ्यांचं चिन्ह पाहिलेलं आहे. वेल्डिंगच्या जोडाचा फोटो काढायला ती पेटी आणतात, तेव्हा कामगारांना दोरीपलीकडे उभं करतात. पत्राच्या शेवटी एकच ओळ आहे : “बाजी, पाठवू की नको, एवढंच सांगा.”

एवढंच सांगून भागणार नाही. कारण या प्रश्नाच्या दोन्ही टोकांशी माझं जुनं नातं आहे. शाळेत पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे एक टोक ओळखीचं. दुसरं टोक घरातलं, ते आधी सांगते.

ऑगस्ट 2009. पुण्या-पिंपरीत राहणारं कुणी तो महिना विसरलं नसेल. 3 तारखेला पुण्यात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने इंतेकाल झाला. देशातला तो पहिला मृत्यू. शाळा बंद झाल्या, मॉल बंद झाले, मास्कच्या किमती चढल्या, नाही मिळाला तर लोक रुमाल बांधून फिरू लागले. नायडू रुग्णालयासमोर तपासणीच्या रांगा लागल्या, इकडे आपल्या वायसीएममध्येही तेच. त्याच महिन्याच्या शेवटी रमजान आणि गणपती पाठोपाठ आले. तरावीहला मशिदीत जायचं की घरीच पढायची, यावर घराघरांत चर्चा चालली होती.

माझ्या चाचांना त्याच दिवसांत ताप भरला. ते भोसरीला लेथवर काम करायचे. अंग दुखतंय, घसा धरलाय, थंडी वाजतेय. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने अँटिबायोटिकची एक पट्टी दिली. दुकानाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कारण पट्टी मागणारे आम्हीच होतो. पिंपरीच्या माणसाचा त्या गोळ्यांवर भरवसा असणारच. 1954 मध्ये स्थापन झालेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही आमच्या दारातली कंपनी. तिला अजून कित्येक जण ‘पेनिसिलीन फॅक्टरी’च म्हणतात. तिच्या भोंग्यावर आमच्या मोहल्ल्यातल्या बायका भात टाकायच्या. तिथे बनणारं औषध कुठल्याही तापावर चालतं, हे आम्ही गृहीतच धरलेलं. चौथ्या दिवशी चाचांना दोन वाक्यांमध्ये दम लागू लागला. पाचव्या दिवशी दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “ताप नक्की कधी सुरू झाला? दिवस नको, तास सांगा.”

चाचा वाचले, अल्हमदुलिल्लाह. पण अकरा दिवस ऑक्सिजनवर काढले आणि त्यानंतर जिना चढताना दर मजल्यावर थांबायला लागायचं. तो ‘तास सांगा’ प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. तापाचे तास का मोजायचे, हे पुढे कधीतरी वाचताना उमगलं, आणि त्या उत्तराच्या मुळाशी चाकणच्या मुलीला जे शिकायचं आहे तेच निघालं.

फ्लूचा विषाणू फारच बारीक. असे आठशे-हजार शेजारी शेजारी मांडले तर आपल्या एका केसाची जाडी भरते. साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसतो, पण त्यासाठी नमुना मारून, सुकवून ठेवावा लागतो. म्हणजे चोराचा फोटो मिळतो, चोर कुठून आला आणि कुठे गेला ते कळत नाही. चालता-फिरता माल कुठे पोहोचला हे कळायला त्याच्यावर खूण हवी.

खूण करायची ही युक्ती जॉर्ज द हेवेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाची. त्याची एक गोष्ट फार सांगितली जाते. 1911 च्या सुमारास तो इंग्लंडमध्ये मँचेस्टरला भाड्याने राहायचा. घरमालकीण ताटात उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी नव्या पदार्थात मिसळून वाढते असा त्याला संशय. त्याने उरलेल्या घासात चिमूटभर किरणोत्सारी पदार्थ टाकला आणि पुढच्या जेवणाजवळ उपकरण धरलं. उपकरण बोललं! गोष्टीला किती मीठमसाला लागलाय ते अल्लाह जाणे, पण पुढचं सगळं पक्कं आहे. 1923 मध्ये त्याने वालाच्या जातीच्या रोपांना किरणोत्सारी शिसं पाजून ते मुळापासून पानापर्यंत कुठे जातं ते मोजलं, नंतर उंदरांना किरणोत्सारी स्फुरद खाऊ घालून तो हाडांत कसा येतो-जातो ते दाखवलं. 1943 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं.

तत्त्व साधं आहे. गंधक घ्या. आपल्या शरीरातल्या, विषाणूतल्या प्रथिनांमध्ये गंधक असतोच. त्याचाच एक जुळा भाऊ आहे, गंधक-35. रसायनात दोघांत काही फरक नाही. पेशीला दोघे सारखेच वाटतात, ती दोघांनाही सारखंच वापरते. फक्त हा भाऊ अधूनमधून एक बारीकसा कण बाहेर फेकतो आणि त्यावरून आपल्याला कळतं की तो कुठे बसलाय. पेशींना गंधक-35 असलेलं अन्न द्यायचं, त्या पेशींत फ्लूचा विषाणू वाढवायचा, की तयार झालेल्या प्रत्येक विषाणूच्या प्रथिनात ती खूण आपोआप विणली जाते. मग त्याला बाकीच्या कचऱ्यापासून वेगळं करायचं. यासाठी साखरेचा पाक वापरतात, हे मला फार आवडतं. नळीत खाली घट्ट आणि वर पातळ असा पाक, त्यावर नमुना, आणि नळी यंत्रात जोरात फिरवायची. विषाणू आपल्या वजनाप्रमाणे पाकाच्या एका थरात जाऊन थांबतात. हे काम नीट झालं नाही तर सगळा प्रयोग फुकट. सुटा गंधक मागे राहिला तर आपण विषाणू मोजतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात मोजतो कचरा.

या पद्धतीचा सर्वांत गाजलेला प्रयोग 1952 चा, अमेरिकेत हर्शी आणि चेस यांचा. त्यांचा विषाणू जिवाणूंवर हल्ला करणारा होता. प्रथिनाला गंधकाची खूण, डीएनएला स्फुरदाची, कारण डीएनएत गंधक नाही आणि प्रथिनात स्फुरद जवळपास नाही. विषाणू जिवाणूला चिकटू दिले आणि मग सगळं मिश्रण चक्क स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये फिरवलं. बाहेर चिकटलेली टरफलं सुटून पडली. बहुतेक गंधक टरफलांबरोबर बाहेर, बहुतेक स्फुरद जिवाणूच्या आत. म्हणजे आनुवंशिकतेचा माल डीएनए आहे, प्रथिन नाही. चटणी वाटायच्या यंत्राने एवढा मोठा प्रश्न सोडवला.

फ्लूच्या बाबतीत मात्र हा हिशेब इतका सरळ बसत नाही, आणि शाळेच्या पुस्तकात हे कधी येत नाही. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर चरबीचं पांघरूण असतं. ते त्याने बाहेर पडताना आपल्याच पेशीकडून ओढून घेतलेलं असतं. त्या चरबीतही स्फुरद असतो. म्हणजे स्फुरदाची खूण केली तर ती आतल्या आरएनएवरही लागते आणि बाहेरच्या पांघरुणावरही. मोजणी वाढली तर नेमकं काय आत गेलं? माल की पिशवी? म्हणून प्रथिनांसाठी गंधक, आरएनएसाठी ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन लावलेला युरिडिन, अशा वेगवेगळ्या खुणा वापराव्या लागल्या. 1957 मध्ये हॉइल आणि फिंटर या दोघांनी इंग्लंडमधल्या ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये आपलं काम छापलं. किरणोत्सारी गंधकाची खूण केलेला फ्लूचा विषाणू आणि त्याची पेशीशी पहिली गाठभेट, हाच विषय. वर्ष लक्षात घ्या. त्याच 1957 च्या मे महिन्यात एशियन फ्लू मद्रास बंदरातून आपल्या देशात शिरला होता.

विषाणू पेशीला कसा चिकटतो ते थोडं अगोदरच समजलं होतं. 1941 मध्ये हर्स्टला दिसलं की फ्लूचा विषाणू कोंबडीच्या रक्तात मिसळला की तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात. विषाणूच्या अंगावर काट्यांसारखी प्रथिनं असतात, त्यांतलं एक हिमॅग्लुटिनिन. पेशीच्या पृष्ठभागावर सियालिक आम्ल नावाची एक साखर असते, तिला ते धरतं. दुसरं प्रथिन न्यूरामिनिडेज, म्हणजे कात्री. नवे विषाणू बाहेर पडताना तीच साखर कापून सुटतात. स्वाइन फ्लूच्या नावातले ‘एच’ आणि ‘एन’ म्हणजे हे दोघे. टॅमिफ्लूची गोळी या कात्रीत जाऊन अडकते. कात्री चालली नाही की नवे विषाणू जुन्या पेशीलाच चिकटून बसतात, पुढच्या पेशीकडे जाऊ शकत नाहीत. पेनिसिलीन मोडतं जिवाणूची भिंत. फ्लूच्या विषाणूला भिंतच नाही. चाचांच्या पोटात गेलेल्या त्या पट्टीतली गोळी कुठल्याही जातीची असो, तिला फ्लूमध्ये धरायला काही नव्हतं. (फ्लूच्या मागून जिवाणूंचा न्यूमोनिया झाला तर डॉक्टर अँटिबायोटिक देतात, ती गोष्ट वेगळी. ते डॉक्टरांनी ठरवायचं, मेडिकलवाल्याने नाही.)

आता खुणेचा खरा उपयोग. खूण केलेला विषाणू पेशींवर टाकायचा, पण बर्फाजवळच्या थंडीत, 4 अंशांवर. एवढ्या थंडीत तो चिकटतो, आत मात्र शिरत नाही. न चिकटलेले धुऊन टाकायचे. मग एकदम 37 अंश, म्हणजे अंगाची ऊब. घड्याळ सुरू. पाच मिनिटांनी एक नमुना, दहाने दुसरा, वीसने तिसरा. प्रत्येक नमुन्यावर पेशीबाहेरची साखर कापणारं द्रव्य टाकायचं. जे अजून बाहेर लटकलेत ते गळून पडतात. जे आत गेले ते राहतात. उरलेला गंधक मोजायचा. दर मोजणीला आकडा वर चढत जातो, आणि तोच विषाणूच्या प्रवेशाचा वेग.

अशा प्रयोगांतून कळलं की अर्ध्या तासात बरेचसे विषाणू आत पोहोचलेले असतात. 1981 मध्ये जर्मनीत हायडलबर्गच्या मॅटलिन, हेलेनियस, सिमन्स आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींवर गंधक-35 लावलेला विषाणू वापरून हा रस्ता बारकाईने आखला. विषाणू दार फोडत नाही. पेशीच त्याला घास समजून गिळते आणि पोटातल्या एका पिशवीत ठेवते. ती पिशवी हळूहळू आंबट होत जाते. आंबटपणा एका मर्यादेपुढे गेला, पीएच पाचच्या आसपास आला, की हिमॅग्लुटिनिन आपला आकार बदलतो, विषाणूचं पांघरूण आणि पिशवीचं कातडं एकमेकांत मिसळतं, आणि आतला आरएनए मोकळा. पेशीने पचवायला घेतलेली आंबट पिशवीच त्याची किल्ली ठरते. सहा-आठ तासांत त्याच पेशीतून नवी पिल्लावळ बाहेर पडायला लागते. तीही चिकटते, गिळली जाते, पुन्हा सहा-आठ तास.

डॉक्टर तास का विचारत होते ते इथे कळतं. दोन दिवसांत अशा पाच-सहा फेऱ्या होतात. टॅमिफ्लू कात्री थोपवते, झालेलं नुकसान भरून काढत नाही, म्हणून ती पहिल्या 48 तासांत सुरू झाली तर जास्त कामाची. उशिरा आलेल्या गंभीर रुग्णालाही देतात, चाचांनाही दिली. पण आमचे शंभरएक तास त्या पट्टीवर गेले होते.

याच आंबट पिशवीचा एक किस्सा सांगायलाच हवा. क्लोरोक्विनसारखी औषधं त्या पिशवीचा आंबटपणा कमी करतात. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत फ्लूचा विषाणू तेवढ्याने अडतो. मग माणसात? 2011 मध्ये सिंगापूरच्या डॉक्टरांनी निरोगी लोकांना क्लोरोक्विन देऊन पाहिलं, फ्लू टळला नाही. बशी आणि माणूस यांत एवढं अंतर असतं. कोविडच्या काळात याच जातीच्या गोळीसाठी लोक दुकानं पालथी घालत होते, तेव्हा हे कुणी सांगत असतं तर बरं झालं असतं.

खुणेलाही मर्यादा आहेत. ती सांगते गंधक कुठे आहे. तो विषाणू जिवंत होता की फुसका, हे सांगत नाही. आणि फ्लूच्या विषाणूंमध्ये फुसके पुष्कळ असतात. म्हणून किरणांची मोजणी आणि प्रत्यक्ष लागण यांचा मेळ घालावा लागतो. हल्ली बरीच कामं चमकणाऱ्या रंगांनी होतात. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, एनआयव्ही, 1952 मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली. 2009 मध्ये आपल्या घशातले नमुने तिथेच जायचे, आणि ती पीसीआर तपासणी रंगाच्या चमकेवर चालते, किरणांवर नाही. पण रंगाचा रेणू विषाणूच्या अंगावर वरून डकवावा लागतो, त्याने वागणूक बदलू शकते. गंधक मूळचाच त्याच्यातला. म्हणून अचूक मोजणी हवी तिथे अजून तो लागतो.

आता, भगिनी, तुमच्या प्रश्नाकडे येते.

तुमच्या शोहरांनी जी पेटी पाहिली तिच्यातले किरण पोलादातून आरपार जातात, म्हणून दोरी लावतात. गंधक-35 चा कण हवेत वीत-दीड वीत जाऊन थांबतो, कातडीच्या वरच्या मेलेल्या थरापलीकडे जवळजवळ जात नाही. स्फुरद-32 त्याहून ताकदवान, त्याच्यासाठी जाड ॲक्रिलिकचा पडदा लागतो. म्हणजे गंधकाच्या शेजारी उभं राहण्याने धोका नाही, तो पोटात किंवा श्वासात गेला तर आहे. गंधक लावलेल्या मेथिओनिनची कुपी वितळताना थोडी वाफ सुटते, म्हणून ती धुराड्याच्या कपाटातच उघडायची. त्याची ताकद दर 87 दिवसांनी निम्मी होते. तोच हिशेब करून कचरा वेगळा साठवून ठेवतात.

भीती संपूर्ण सोडा असं मी म्हणणार नाही. कुदळवाडीत भंगाराचा धंदा केलेल्या आपल्या लोकांना माहीत असेल, 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाचं जुनं यंत्र भंगारात गेलं, त्यातल्या कोबाल्टने एकाचा जीव घेतला आणि कितीतरी जण भाजले. तिथे नियम पाळले गेले नव्हते. म्हणून मुलीने पहिल्याच दिवशी विचारायचं : अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आहे का? किरण सुरक्षा अधिकारी कोण? कामाची जागा पुसून मोजणी किती वेळा होते? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण छातीला लावायचा बिल्ला गंधकाचे आणि ट्रिटियमचे क्षीण कण पकडू शकत नाही. बिल्ला आहे म्हणून निर्धास्त राहू नये. काम करणाऱ्यासाठी वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, आणि जगात कुठेही नुसतं राहिलं तरी सरासरी 2.4 मिळतातच. नीट चालवलेल्या प्रयोगशाळेत गंधकाचं काम करणाऱ्याच्या वाट्याला त्या 20 मधला फारच थोडा अंश येतो.

फुफींना सांगा, हे काम केल्याने मुलगी स्वतः किरणोत्सारी होत नाही आणि तिच्यापासून घरात कुणाला काही लागत नाही. मूल होण्याचा प्रश्न त्यांच्या मनात असणार, तोही उघड बोलते : नियमांत राहून केलेल्या कामाने त्यात अडथळा येत नाही. पुढेमागे लग्नानंतर अशा कामावर असताना दिवस राहिले, तर लगेच अधिकाऱ्याला सांगायचं. त्यानंतर पोटातल्या बाळापर्यंत 1 मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त जाणार नाही अशी व्यवस्था करणं त्यांच्यावर बंधनकारक असतं. थायरॉइडच्या तपासणीसाठी आपल्या कितीतरी बहिणींनी किरणोत्सारी द्रव्याची सुई घेतली आहे आणि त्या लेकुरवाळ्या आहेत. त्यांना कुणी बघायला आलेल्या पाहुण्यांनी हे विचारलं नव्हतं.

तर पाठवा. तिच्यासाठी एवढ्या चार गोष्टी : दोन हातमोजे एकावर एक घालायचे आणि वरचा वारंवार बदलायचा. ओढणीची टोकं कोटाच्या आत, पिन लावून. मोबाइल कामाच्या टेबलावर ठेवायचा नाही. आणि डबा प्रयोगशाळेत कधीही उघडायचा नाही, चहासुद्धा बाहेर. रोजे असतील त्या महिन्यात ही एक काळजी आपोआपच कमी.

घरात कुणाला फ्लूसारखा ताप आला, तर कॅलेंडरवर तारखेशेजारी वेळही लिहून ठेवा. हजला निघालेल्या बुजुर्गांना फ्लूची लस मिळते, तेव्हा ती टाळू नका. लसीने शरीर त्याच हिमॅग्लुटिनिनला ओळखायला शिकतं. आणि मुलीचा प्रकल्प संपला की तिला म्हणावं, बाजींना चार ओळी लिही. तिच्या विषाणूला आत जायला किती मिनिटं लागली, ते मला वाचायचं आहे.